निवडीचा तास

बोर्ली पंचतन
१९ जून २०२४

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला माझं ऐकू येत नाही, आणि सलिलदादाला मधे घातलं की निम्मं तो स्वतःच्या मनाचं सांगतो. म्हणून पत्र.

तू चौतीस वर्षं ज्या शाळेत शिट्टी वाजवलीस तिथे मी शनिवारी हजर झाले. मुख्याध्यापक आता हरेश्वर तोडणकर सर आहेत, तुझ्या खो-खो संघाचे एकेकाळचे कप्तान. त्यांनी मला आधी ऑफिसातल्या ढाली दाखवल्या आणि मग बसायला खुर्ची दिली. "विश्वंभर सरांची भाची म्हणजे आता काळजी नाही," म्हणाले. मला मात्र तेव्हापासूनच काळजी लागली आहे.

नववीच्या दोन तुकड्या मिळून शहाण्णव मुलं. खेळाच्या तासाला चोवीस जणं खो-खो खेळतात आणि उरलेली बहात्तर जणं पायऱ्यांवर बसतात. कुणाच्या पायाला लागलेलं असतं, कुणाच्या पोटात दुखतं, आणि बऱ्याच जणांना कुणी बोलावतच नाही. काल मी सगळ्यांना इमारतीचा जिना दोनदा चढायला लावला. पंधरा वर्षांची मुलं, मामा, आणि धापा टाकत होती.

माझ्या डोक्यात असं आहे की खेळाच्या तासाला मुलांनी व्यायाम स्वतः निवडायचा. चार गट करायचे. दमाचा गट, म्हणजे चालणं आणि धावणं. ताकदीचा गट. लवचीकपणाचा, त्यात योगासनं आणि सूर्यनमस्कार. आणि तालाचा, त्यात लेझीम, दोरीउड्या, नाच. सहा आठवडे गट बदलायचा नाही, नंतर हवा तर बदलावा. गुण द्यायचे ते पहिला कोण आला त्याचे नाहीत. जूनमधल्या स्वतःपेक्षा मूल किती पुढे गेलं, त्याचे.

तोडणकर सर म्हणाले, "आधी विश्वंभर सरांना विचारा." म्हणून विचारते. आणि एक सांग, पायरीवर बसणाऱ्यांचं तू काय करायचास?

आई मजेत आहे. पनवेलपेक्षा इथल्या हवेत तिचा दमा कमी आहे.

तुझी,
अनुया


तळा
२८ जून २०२४

चि. अनुया हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर सुधार.

मुलांना निवडायला सांगशील तर ती झाडाखाली बसणे निवडतील. पंधराव्या वर्षी मला विचारले असते तर मी झोप निवडली असती. आपल्या शाळेला तालुक्यात लोक ओळखतात ते खो-खोमुळे. अकरा ढाली काही निवडीने आलेल्या नाहीत.

तरी तू करणारच आहेस, म्हणून चार गोष्टी सांगतो. जुलैत मैदानावर कुणाला धावायला लावू नकोस. जांभ्यावर शेवाळ धरते आणि पोरे आपटतात. पावसात मागची लांब पडवी वापर. सुरू करण्याआधी प्रत्येकाला नाडी मोजायला शिकव, बोट मनगटावर ठेवून, घड्याळ लावून. ज्याला आपली नाडी कळते तो उगाच मरेस्तोवर धावत नाही. कुणाला दमा, फिट, हृदयाचे काही आहे का, ते आईबापांकडून लिहून घे. आणि एकटी बाई एका वेळी चार गट कशी सांभाळणार? एका तासाला दोनच गट घे, आणि दुसऱ्या कुणा शिक्षकाला हाताशी धर.

खो-खोचा संघ मोडू नकोस.

पायरीवरच्यांचे काय करायचो ते आता आठवत नाही.

पद्माला आशीर्वाद. वाफ घेते का ते विचार.

तुझा,
विश्वंभरमामा


बोर्ली पंचतन
१६ जुलै २०२४

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

नाडीचं तू सांगितलंस ते सोन्यासारखं निघालं. आता मधल्या सुट्टीतही मुलं एकमेकांची मनगटं धरून बसतात. मराठीच्या साक्षी मॅडम रोज पहाटे योगासनं करतात, त्यांनी लवचीकपणाचा गट आपणहून मागून घेतला. मंगळवारी दोन गट, शुक्रवारी दोन.

निवडीची मात्र तू म्हणालास तशीच गत झाली. कागद वाटले तर शहाण्णवातल्या एकाहत्तर जणांनी 'ताल' लिहिलं, का तर तिथे गाणी लागणार! मी कागद परत दिले आणि म्हटलं, "मैत्रिणीने काय लिहिलं ते बघू नका. सहा आठवडे काय करायला आवडेल ते लिहा." दुसऱ्या खेपेला आकडे बरे आले. ताकदीला अठरा. त्यात सतरा मुलगे आणि एक मुलगी.

ती प्राप्ती. दिघीला राहते. वडील अल्पेश पाटील, बंदरावर त्यांचे ट्रेलर आहेत. मूळचे उरणकडचे आगरी, बंदर वाढलं तेव्हा इकडे आले. पोर अंगाने भरभक्कम. आठवीत वर्षभर तिने खेळाच्या तासाला घरची चिठ्ठी आणली. चिठ्ठ्या मी कपाटात बघितल्या, सगळ्या एकाच निळ्या पेनाने लिहिलेल्या आणि सही दर वेळी वेगळी. मी तिला विचारलं, "हे तूच लिहायचीस ना?" ती म्हणाली, "व्हय मॅडम. धावताना सगळी माझ्याकडं बघतात." "मग ताकद का निवडलीस?" तर म्हणाली, "ती मला येते."

खरंच येते. आम्ही जुन्या गोणपाटाच्या पिशव्या शिवून त्यात वाळू भरली आहे, पाच किलोपासून पंधरापर्यंत. पंधराची पिशवी पहिल्या दिवशी तिने नीट उचलली, नीट ठेवली आणि हात झटकले.

खो-खोचा सराव रोज शाळा सुटल्यावर घेते, काळजी नको.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. 'आता आठवत नाही' या वाक्याला ती हसली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. बाहेर ऊन होतं.

तुझी,
अनुया


बोर्ली पंचतन
१४ ऑगस्ट २०२४

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

सोबत आईची राखी आहे.

महिना झाला, तुझं पत्र नाही. सलिलदादाला फोन केला तर "बाबा बरे आहेत, जरा कामात आहेत" म्हणाला. तुला कसलं काम? म्हणजे तू रागावला आहेस. खो-खोचा संघ तालुक्याला पहिल्याच फेरीत हरला, ते तुझ्या कानावर गेलं असणार. सराव मी रोज घेतला, मामा, शपथ. पण दोन चांगली मुलं दहावीत गेली आणि एकाचा पाय मुरगळला.

तुला एक सांगितलं नव्हतं. तोडणकर सरांनी मला दिवाळीपर्यंतच मुदत दिली आहे. तोवर काही दिसलं नाही तर पुन्हा पहिल्यासारखं सुरू.

आणि आता हे. परवा प्राप्तीचे वडील ऑफिसात आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "माझ्या पोरीचं नाव काढा त्या वजनाच्या गटातून."

मी विचारलं, "का?"

"पोरीच्या जातीला कशाला हवीत वजनं? दोरीउड्या मारू दे."

मी बोलायला लागले ती थांबलेच नाही. मुलींची हाडं, मुलींचा हक्क, ऑलिंपिकमधल्या मुली, सगळं सांगून टाकलं. ते खिडकीबाहेर बघत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं? नाव काढा." आणि निघून गेले. तोडणकर सरांनी तिथल्या तिथे नाव काढलं. प्राप्ती दोन दिवस शाळेत आली नाही.

माझं चुकलं असेल. संघाचंही आणि हेही. रागाव, पण लिही.

तुझी,
अनुया


तळा
२६ ऑगस्ट २०२४

चि. अनुया हिस अनेक आशीर्वाद.

राखी सूनबाईने, रुचिकाने, बांधली. राग नाही. खो-खो हरल्याचे मला तुझ्याच पत्रातून कळले.

मी इस्पितळात होतो. जुलैच्या शेवटी छातीत कळ आली. सलिलने आधी माणगावला आणि तिथून मुंबईला नेले. नळी घालून रक्तवाहिनी मोकळी केली. आता बरा आहे. पद्माला कळवू नका असे मीच सलिलला बजावले होते. ती घाबरली की तिला धाप लागते. तूही सांगू नकोस.

तिथे व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तुझ्याच वयाची. मी अंथरुणावर. तिने विचारले, "आजोबा, यातले तुम्हाला काय आवडेल? खुर्चीतून उठणे-बसणे, की व्हरांड्यात चालणे?" मी म्हटले, चालणे. चाळीस पावले टाकली आणि भिंतीला टेकलो. तिने मनगट धरून माझी नाडी मोजली आणि म्हणाली, "छान. उद्या बेचाळीस." समोरच्या खाटेवरचा माणूस दोनशे पावले चालत होता. तिने त्याचे नावसुद्धा काढले नाही. मला त्या दिवशी भरून आले. ते मी सलिलला सांगितले नाही, तुला सांगतो.

आणि मला आठवते. सगळे आठवते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. नोकरी लागली तशी मी पद्माला आठवीसाठी माझ्याकडे आणले. पहिल्याच आठवड्यात ती धावताना धापा टाकायला लागली. सगळ्या वर्गासमोर. मी नवा मास्तर, माझीच बहीण. मला लाज वाटली. मी तिला पायरीवर बसवले आणि सामानाची पिशवी राखायला दिली. तीन वर्षे, दहावी होईपर्यंत. एकदाही विचारले नाही की तुला काय होते, तुला काय जमेल. पुढे जी जी मुले पिशवी राखायला बसली, त्यांनाही विचारले नाही. ढाली मोजत राहिलो.

त्या पाटलांना तू ऑलिंपिक सांगितलेस. बरोबर सांगितलेस, पण त्यांनी विचारले नव्हते. त्यांच्या घरी जा. गप्प बस. काय झाले एवढेच विचार.

तुझा,
विश्वंभरमामा


बोर्ली पंचतन
३ सप्टेंबर २०२४

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

आधी अपराध कबूल करते. तुझं पत्र मी टेबलावर ठेवून आंघोळीला गेले. बाहेर आले तर आई खुर्चीत बसली होती आणि पत्र तिच्या मांडीवर. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "माझी पिशवी माळ्यावरून काढ." उद्या सकाळच्या गाडीने ती तळ्याला निघते आहे. गणपती होईपर्यंत तुमच्याकडेच राहणार म्हणते. वाफेचं यंत्र बरोबर आहे. हे पत्र तीच घेऊन येईल, म्हणजे तुला पळून जायला वेळ मिळणार नाही.

आता दिघीचं. रविवारी गेले. प्राप्तीच्या आजीने, कृष्णाबाईंनी, चहा दिला. अल्पेशदादा समोर बसले. मी फक्त विचारलं, "दादा, त्या दिवशी काय झालं होतं?" आणि तुझं ऐकून गप्प बसले. चहावर साय धरली.

मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. आमच्याच मैदानावरचा व्हिडिओ. प्राप्ती पिशवी उचलते आहे आणि मागून कुणी हसून म्हणतंय, "दिघीची क्रेन! दिघीची क्रेन!"

"बंदरावर सगळ्यांच्या मोबाईलवर हाय हा," ते म्हणाले. "माझे डायव्हर माझ्यासमोर बघायचे बंद झाले, म्हणून मला कळलं. माझी पोर हाय ती, मॅडम. वजनाचं मला काय न्हाय."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. माझ्या तासाला, माझ्या पाठीमागे हे झालं आणि मी त्या माणसाला मुलींचे हक्क शिकवत होते! मी माफी मागितली. ज्याने व्हिडिओ काढला त्याला उद्याच समोर उभा करते, असं मी म्हणाले. तेवढ्यात आतून प्राप्ती आली. "मला त्यांची माफी नको," म्हणाली. "ते उचलताना कंबर वाकवतात. मला हसतात आणि स्वतः चुकीचं करतात."

कृष्णाबाई दारातच बसल्या होत्या. "मी उरणला मिठागरावर वीस वर्सं टोपल्या वायल्या," त्या म्हणाल्या. "कंबरेनं उचलतो तो दोन वर्सांत आडवा. मांडीनं उचलायचं. तवा कोन आला न्हाय सांगायला, बाईच्या जातीनं वजन उचलू नको म्हनून." मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "पोरीला घरात बसवलीस तर हसनारे जिकले. कलला का?"

मी निघाले तेव्हा अल्पेशदादा मला चपलांपर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "मोबाईलचं बघा. बाकी ती म्हणेल तसं."

प्राप्ती काल शाळेत आली. तिचं नाव पुन्हा ताकदीच्या गटात घातलं, आणि व्हिडिओ काढणारे दोघं सापडले, त्यांना तो पुसायला लावला.

तुझी,
अनुया


तळा
२४ सप्टेंबर २०२४

चि. अनुया हिस अनेक आशीर्वाद.

पद्मा आली तेव्हा मी पडवीत होतो. तिने पिशवी ठेवली, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "किती वाळलास." मग आत जाऊन रुचिकाला मोदकांच्या पिठीचे विचारायला लागली. दोन दिवस त्या विषयावर एक शब्द नाही. मी वाट बघून थकलो.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी सकाळी मी फाटकापर्यंत चालायला निघालो तर ती बरोबर आली. मीच काढले. म्हटले, "पद्मा, मी तुला पायरीवर बसवले." ती म्हणाली, "दादा, धावायला मला येतच नव्हतं. त्याचं मला काही नाही. पण तू सगळ्या मुलींना नावाने हाक मारायचास. आणि मला 'ए, पिशवी आण.' तीन वर्षं शाळेत तू माझं नाव घेतलं नाहीस."

तिथेच फाटकाला धरून उभा राहिलो. तिने माझे मनगट धरले. मला वाटले समजूत घालते आहे. ती नाडी मोजत होती. "शंभराच्या वर आहे, बस जरा," म्हणाली. तुझ्याकडून शिकली म्हणे.

मग आम्ही दोघेही कट्ट्यावर बसलो. नंतर पुढच्या वळणापर्यंत गेलो. पद्मा गौरी-विसर्जनानंतर परतली, तोवर आम्ही रोज बाजारापर्यंत जात होतो. वाटेत ती तीनदा थांबे, मी चारदा. लोक विचारीत, "सर, कुठे?" मी सांगत असे, "बहिणीबरोबर. ही पद्मा."

तिने सारे माफ केले असे नाही. तसे ती म्हणाली नाही आणि मीही विचारले नाही. जाताना एवढेच म्हणाली, की दिवाळीला तू ये.

आता शाळेचे. खो-खोलाही तुझ्या यादीत पाचवा गट म्हणून घाल. वेगवान मुलांनाही निवडीचा हक्क आहे. मात्र त्या गटाला डोक्यावर चढवू नकोस. आणि त्या कृष्णाबाईंना शाळेत बोलाव. वजन उचलायला शिकवणारा इतका अनुभवी माणूस तुला कुठल्या कॉलेजात मिळणार नाही. हरेश्वरला मी वेगळे पत्र लिहिले आहे. मुदतीचे मनावर घेऊ नकोस.

तुझा,
विश्वंभरमामा


बोर्ली पंचतन
२० जानेवारी २०२५

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत तू आलास तेव्हा घरात इतकी माणसं होती की धड बोलणं झालं नाही. आणि त्यानंतर मी लिहिलं नाही, कारण परीक्षा, सहल, क्रीडामहोत्सव. आज सगळं एकदम सांगते.

तू हरेश्वर तोडणकर सरांना काय लिहिलंस कोण जाणे. त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे, दाखवत नाहीत. दिवाळीनंतर मुदतीचं नाव काढलं नाही.

कृष्णाबाई चार शुक्रवार आल्या. पहिल्या दिवशी मुलं तोंडावर हात ठेवून हसत होती. त्यांनी नऊवारीचा काष्टा आवळला, बारा किलोची पिशवी मांड्यांच्या जोरावर उचलून डोक्यावर घेतली आणि मैदानाला एक फेरी मारली. सत्तरीच्या बाई! परत आल्या तेव्हा कुणी हसत नव्हतं. मग मुलांना शिकवायला बसल्या. व्हिडिओवाल्या दोघांना त्यांनी ओळखलं की काय माहीत नाही, पण "तू ये, तू ये" म्हणत नेमकं त्यांनाच पुढे घेतलं आणि पाठ सरळ होईपर्यंत सोडलं नाही. आता त्यांच्यानंतर गटातल्या सगळ्यांचं उचलणं प्राप्ती तपासते. ती "गुडघे" म्हणाली की सतरा मुलगे गुडघे वाकवतात. व्हिडिओवाल्यांपैकी एकाने सहलीच्या बसमध्ये तिला जागा धरली होती. ती बसली नाही. तेही मला बरं वाटलं.

जिन्याची चाचणी पुन्हा घेतली. शहाण्णवातली एक्याऐंशी मुलं जूनपेक्षा कमी नाडीवर वर पोचली. नऊ जणांत काही फरक नाही, सहा जण मागे गेले. त्या सहांशी मी एकेक करून बोलते आहे. दोघं क्लासमुळे झोपतच नाहीत असं निघालं.

खरी लढाई परवाच्या पालकसभेत झाली. हीच मुलं जूनमध्ये दहावीत जातील. मी म्हटलं, दहावीलाही निवडीचा तास ठेवू. पालक उठलेच. "बोर्डाचं वर्ष आहे, तो तास गणिताला द्या." एक आई म्हणाल्या, "व्यायामाने टक्के वाढतात का?" हरेश्वर सर माझ्याकडे बघत होते.

शेवटच्या बाकावरून अल्पेशदादा उठले. सभेत बोलायची सवय नाही, टेबलाकडे बघून बोलले. "टक्क्याचं मला कलत न्हाय. माझी पोर आठवीत घरातून निघताना रोज रडायची. आता शाळेच्या गाडीला उशीर झाला तर माझ्यावर वराडते." एवढंच बोलून बसले. मग दुसरे एक वडील म्हणाले की आमच्याकडेही सकाळची कटकट कमी झाली आहे. मग कुजबुज. शेवटी गणिताच्या सरांनीच हात वर केला. "माझ्या तासाला पोरं पेंगतात. त्यांना हलवून पाठवा, मी तेवढ्याच वेळात जास्त शिकवतो." आठवड्याला तीन तास मागितले होते, दोन मिळाले. हरेश्वर सरांनी तिथेच वेळापत्रकावर सही केली.

आता पुढच्या वर्षीची आखणी माझ्यावर आली आहे, नववी आणि दहावी दोन्ही. कुणाला कुठल्या गटातून कुठे न्यायचं, दहावीच्या मुलांना घरी करता येईल असं काय द्यायचं, परीक्षेच्या महिन्यात काय. दमाचा गट सगळ्यांत मोठा झाला आहे, त्रेचाळीस मुलं, आणि त्यांना मी एकटी पुरत नाही. हरेश्वर सर म्हणाले, विश्वंभर सरांना विचारा, महिनाभर येतील का. शिकवायला.

येशील?

तुझी,
अनुया


तळा
३० जानेवारी २०२५

चि. अनुया हिस अनेक आशीर्वाद.

अभिनंदन. दोन तास पुष्कळ झाले. मी अकरा ढाली आणल्या पण कुणा गणिताच्या मास्तराने आपणहून माझी बाजू घेतली नाही.

डॉक्टरांना विचारले. सपाटीवर तीन किलोमीटर चालायला हरकत नाही म्हणाले. रुचिका गोळ्यांचा डबा वाराप्रमाणे लावून देते आहे. पद्माला सांग, मासे नकोत, कुळथाचे पिठले चालेल.

एक अट आहे. मी शिकवायला येणार नाही. हरेश्वरला तसे सांग, नाहीतर तो मला टाळ्याबिळ्या वाजवून मुलांपुढे उभा करेल. त्रेचाळीस मुले चालतील तेव्हा तू पुढे राहा. मी सर्वांत मागे चालेन. चौतीस वर्षे मी पुढे उभा होतो, त्यामुळे मागे कोण राहिले ते मला कधी दिसले नाही. जे मूल मागे पडेल त्याच्याबरोबर चालायला कुणीतरी लागेलच, आणि माझा वेग आता अगदी त्याच्याएवढा आहे.

तेवढी त्रेचाळीस मुलांच्या नावांची यादी आधी पाठव. पाठ करून येतो.

तुझा,
विश्वंभरमामा